ऑप्शनला टाकलेली पानं

इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला 'ऑप्शनला टाकणे' हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नाही. सहा युनिटं असतात, त्यातलं एक डोक्यावरून जातं, ते सोडून द्यायचं आणि उरलेल्या पाचांवर पास व्हायचं. यात कोणाला पाप वगैरे वाटत नाही. उलट कोणतं युनिट सोडायचं हे ज्याला अचूक कळतं, तो हॉस्टेलवर हुशार समजला जातो.

पण हाच माणूस पुढे नोकरीला लागतो, पगारातून एक जाडजूड कादंबरी विकत घेतो, ऐंशीव्या पानावर त्याला कंटाळा येतो आणि तिथे त्याची सगळी हुशारी संपते. पुढचं प्रकरण उघडून बघायची त्याची हिंमत होत नाही. 'असं मधलं सोडून कसं वाचायचं?' पुस्तक उशाशी पडून राहतं. त्यावर मोबाईल ठेवला जातो, मग चार्जर, मग पाण्याची बाटली. नवीन पुस्तक घ्यायचं नाही, कारण आधीचं संपलेलं नाही. आधीचं वाचायचं नाही, कारण ते कंटाळवाणं आहे. याला आपल्या धंद्यात डेडलॉक म्हणतात. आणि दोन वर्षांनी हाच माणूस पार्टीत सांगतो, "अरे, वाचायला वेळच मिळत नाही हल्ली."

वेळ मिळत नाही हे खोटं आहे. (क्रिकेटला मिळतो, वेब सिरीजला मिळतो, ट्रॅफिकला तर मिळतोच मिळतो.) खरं कारण असं आहे की पान गाळणं म्हणजे गुन्हा, असं कोणीतरी लहानपणी आपल्या डोक्यात घालून ठेवलंय. या गुन्ह्याची कलमं कोणी लिहिली ते आज बघू या. शनिवार आहे, डिप्लॉयमेंट नाही, वेळ आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटत नाही त्यांना शिव्या द्यायला सोयीचं जाईल. पुस्तकातली पानं बेधडक गाळावीत. मात्र ती आपली आपण गाळावीत. आपल्यासाठी दुसऱ्या कोणाला गाळू देऊ नयेत. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. पहिल्याची लाज बाळगतात आणि दुसरं अभिमानाने करतात.

आता हे 'सगळं वाचलंच पाहिजे' कुठून आलं? मला वाटतं, पारायणातून.

आमचं गाव निमगाव सावा, तालुका जुन्नर. सप्ताह म्हणजे काय ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको, पण कोथरूड-बाणेरात वाढलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. सात दिवस मंडप. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि जेवण. पारायणाला रांगेने लोक बसतात, पुढ्यात ग्रंथ, आणि सगळे एका सुरात वाचतात. अठरा अध्याय, साधारण नऊ हजार ओव्या, सात दिवस. हिशेब करून बघा. दिवसाला जवळजवळ १,२८५ ओव्या. रोज चार तास वाचलं तर एका ओवीला अकरा सेकंद. तेराव्या शतकातल्या मराठीतली ओवी अकरा सेकंदांत वाचून तिचा अर्थ लावणारा माणूस मला दाखवा, मी त्याला लगेच आमच्या टीममध्ये घेतो :)

हसण्याचा हेतू नाही. पारायण हे अर्थ लावण्यासाठी नसतंच. तो सामुदायिक आवाज असतो, गावाने मिळून केलेली एक गोष्ट असते. अक्षरओळख जेमतेम असलेल्या माणसालाही तो आवाज ग्रंथाजवळ नेऊन बसवतो. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. (ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आमच्याच तालुक्यात, आळ्याला आहे. पठणाचं माहात्म्य आम्हाला कोणी बाहेरच्याने शिकवायला नको.) तक्रार आहे ती ही रीत जशीच्या तशी उचलून कादंबरीवर, चरित्रावर, प्रवासवर्णनावर लादणाऱ्यांबद्दल.

आणि गंमत बघा, खुद्द पारायणातसुद्धा तुमच्या-माझ्याइतकी कटकट नसते. पारायणाला बसलेला माणूस शेतकरी असतो. थ्री फेज लाईट आली की तो मोटर चालू करायला उठतो, गाईची धार काढायची असली की उठतो. तासाभराने परत येऊन शेजारच्याला विचारतो, "माउली, कुठवर आलं?" शेजारचा ओवीवर बोट ठेवून दाखवतो आणि हा तिथून पुढे वाचायला लागतो. मधल्या तीनशे ओव्या गेल्या त्या गेल्या. 'आधी त्या पूर्ण कर, मग इथे बस' असं त्याला कोणी म्हणत नाही. गाव वाचतंय, ग्रंथ पुढे चाललाय, तू ये आणि सामील हो.

त्याच मंडपात रात्री काय होतं? कीर्तन. तुकाराम महाराजांच्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत. कीर्तनकार त्यातला एक निवडतो. एक! आणि त्या एकावर दोन तास बोलतो. एका शब्दावर अर्धा तास. उरलेले सगळे अभंग त्या रात्रीपुरते ऑप्शनला. हरिपाठाचंही तेच. ज्ञानेश्वरांच्या नावावर एवढी मोठी ज्ञानेश्वरी असताना वारकरी रोज संध्याकाळी म्हणतो तो सत्तावीस-अठ्ठावीस अभंगांचा छोटासा हरिपाठ. आणि ज्ञानेश्वरीबद्दल नामदेवांनी वाचकाकडे मागणी केली ती तरी किती? सगळा ग्रंथ पाठ कर असं नाही म्हणाले. एखादी ओवी का होईना, पण ती जगून बघ, एवढंच.

म्हणजे परंपरेकडे दोन्ही रीती आहेत. सकाळी सगळं, रात्री एक. आवाज करायचा तेव्हा पारायण, समजून घ्यायचं तेव्हा निवड. आपण शहरात आलो ते नेमकी सकाळची रीत घेऊन आलो. त्यातली माणसं, मंडप, सूर मागेच राहिलं. राहिलं काय, तर 'अपूर्ण सोडू नये' ही धास्ती. रात्रीची रीत तर आपण विसरूनच गेलो.

या धास्तीची आधुनिक फलश्रुतीही तयार आहे. पोथीच्या शेवटी असतं ना, हा ग्रंथ जो संपूर्ण वाचेल त्याला अमुक फळ मिळेल? तसं आता गुडरीड्सवर वर्षाचं चॅलेंज असतं. वर्षात बावन्न पुस्तकं. डिसेंबरात लोकांची धांदल बघा, बारीक बारीक पुस्तकं शोधून आकडा भरतात. मार्च एंडला सेल्सवाले टार्गेट भरतात तसं. आणि इथे 'वाचलं' याची व्याख्या एकच, शेवटचं पान उलटलं. पाचशे पानांच्या पुस्तकातली दोनशे पानं तुम्ही जीव लावून, पेन्सिलीने खुणा करून वाचलीत, तर शून्य मार्क. पाचशेच्या पाचशे पानांवरून कोरड्या नजरेने सरकलात, तर एक पुस्तक पूर्ण, अभिनंदन! हे मोजमाप ज्याने काढलं तो नक्की एखादा प्रोजेक्ट मॅनेजर असणार. लाईन्स ऑफ कोड मोजून इन्क्रीमेंट देणारा.

बरं, हे शेवटचं पान तरी किती जण गाठतात? २०१४ साली जॉर्डन एलेनबर्ग नावाच्या गणितज्ञाने एक गमतीशीर हिशेब केला होता. किंडलवर लोकांनी सर्वात जास्त अधोरेखित केलेली वाक्यं कुठल्या पानांवर आहेत ते त्याने बघितलं. लोक शेवटपर्यंत वाचत असतील तर खुणा पुस्तकभर पसरलेल्या असायला हव्यात. थॉमस पिकेटीच्या 'कॅपिटल'मध्ये त्या खुणांची सरासरी जागा होती २.४ टक्क्यांवर. म्हणजे सातशे पानांच्या आसपासच्या पुस्तकातलं सतरावं पान वगैरे! स्टीफन हॉकिंगचं काळाच्या इतिहासावरचं पुस्तक ६.६ टक्क्यांवर. म्हणून त्याने या प्रकाराला 'हॉकिंग इंडेक्स' असं नाव दिलं. शास्त्रशुद्ध पाहणी नव्हे ती, त्याने स्वतःच गंमत म्हणून केली होती. पण चित्र ओळखीचं वाटतं की नाही?

या आकड्यांवरून लोक लगेच 'वाचन संपलं हो' म्हणून गळा काढतात. मला त्यात दुसरंच दिसतं. ही माणसं सतराव्या पानावर अडकली आणि तिथेच थांबली. पिकेटीचं पुस्तक सोडून देण्याऐवजी त्यांनी सरळ शेवटच्या भागात, तो संपत्तीवरच्या कराबद्दल बोलतो तिथे उडी मारली असती, तर निदान माणूस काय म्हणतोय ते कळलं असतं. न गाळता वाचण्याच्या हट्टापायी त्यांनी ९७ टक्के पुस्तक गाळलं. पान गाळणं आणि पुस्तक सोडणं हे एकाच रस्त्यावरचे दोन टप्पे आहेत असं समजतात, तिथेच घोळ आहे. पान गाळणारा पुस्तकात टिकतो. न गाळणारा बाहेर पडतो.

आता आपल्या धंद्याकडे या. तुम्ही नवीन प्रोजेक्टवर गेलात, समोर वीस लाख ओळींचा कोड आहे. तुम्ही पहिल्या फाईलच्या पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात करता का? करत असाल तर नोटीस पिरियड जवळ आलाय असं समजा. आपण शोध मारतो, एक फंक्शन धरतो, ते कुठून बोलावलं जातं ते बघतो, नको त्या फाईलींकडे ढुंकूनही बघत नाही. आणि असं करून सहा महिन्यांत त्या कोडबद्दल आपल्याला इतकं कळतं, की रात्री दोनला फोन आला तरी बग कुठे असेल ते अंथरुणातून सांगता येतं. हे वाचन नाही तर काय आहे?

डोनाल्ड नुथ हा आपल्या क्षेत्रातला मोठा माणूस. १९६८ साली 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'चा पहिला खंड आला, त्यात सुरुवातीलाच हे पुस्तक कसं वाचावं याचा चक्क फ्लोचार्ट आहे. अमुक झालं तर पुढे जा, कंटाळा आला तर तमुक करा. पुढे १९८४च्या 'टेकबुक'मध्ये तर त्याने अवघड परिच्छेदांच्या शेजारी रस्त्यावरची 'धोक्याचं वळण' ही खूण छापली. एक वळण असेल तर पहिल्या वाचनात सोडा, दोन असतील तर पक्कंच सोडा. लेखक स्वतः सांगतोय, बाबा रे, हे गाळ, नंतर ये. त्याला यात अपमान वाटला नाही. ज्याला आपल्या वाचकाची काळजी असते त्याला तो वाटत नाही.

साहित्यवाल्यांमध्येही असे लोक आहेत. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक शाळेत शिकवायचा. मुलं वाचनापासून का पळतात याचा विचार करून १९९२ साली त्याने वाचकाचे दहा हक्क लिहून काढले. त्यात पहिल्या तिनांतच पानं गाळण्याचा हक्क आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क आहे. त्याच्या आधी सॉमरसेट मॉमने गाळत वाचणं ही उपयुक्त कला आहे असं उघड सांगितलं होतं. पुढे मात्र तो एक पाऊल जास्त गेला. १९४८च्या सुमारास त्याने जगातल्या दहा मोठ्या कादंबऱ्या निवडल्या आणि नको वाटलेला मजकूर कापून त्या छापायच्या योजनेत सामील झाला. इथे माझं आणि मॉमसाहेबांचं फाटतं.

कारण माझ्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग इथून सुरू होतो. आतापर्यंत जे खूश होऊन मान डोलवत होते, त्यांनी आता सावरून बसावं.

पंधरा मिनिटांत अख्खं पुस्तक ऐकवणारी ॲपं आली. 'या पुस्तकातले सात धडे' असे व्हिडिओ आले. आणि आता चॅटजीपीटी आणि त्याची भावंडं आली. पीडीएफ टाका, दहा मुद्दे घ्या. ऑफिसातली मंडळी मोठ्या रुबाबात सांगतात, "मी महिन्याला पंधरा पुस्तकं करतो." करतो! पुस्तक 'करतो' म्हणे. एकदा अशाच एकाशी माझा वाद झाला. तो म्हणाला, "तूच तर म्हणतोस ना रे, पानं गाळावीत म्हणून? मग मी तेच करतोय की. फक्त जास्त एफिशियंट."

नाही भावा, तू ते करत नाहीयेस. तू गाळत नाहीयेस, तुझ्यासाठी कोणीतरी गाळतंय. मी जेव्हा चाळीस पानं ओलांडतो, तेव्हा मला माहीत असतं की इथे चाळीस पानांचं भोक आहे. ते कुठे आहे, केवढं आहे, मी का पाडलं, सगळं माहीत असतं. उद्या वाटलं तर परत जाऊन ते बुजवता येतं. तुझ्या दहा मुद्द्यांत भोक कुठे आहे ते तुला दिसतच नाही. तुझ्यासमोर गुळगुळीत, सलग, बिनभोकाचा मजकूर आहे. एरर आली तर आपण बघतो, दुरुस्त करतो. पण एरर न देता चुकीचं उत्तर देणारी सिस्टीम सगळ्यात धोकादायक, हे तुला मी सांगायला हवं का?

आणि हे आजचं नाही. शाळेत गाईड होतं, अपेक्षित प्रश्नसंच होते, इंजिनिअरिंगला लोकल ऑथरची पुस्तकं होती. मूळ धडा न वाचता त्याचा सारांश पाठ करणं ही आपली राष्ट्रीय कला आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्यासाठी दुसऱ्याने गाळलं आणि आपण त्यावर पास झालो. मजा बघा, ज्या व्यवस्थेने आपल्याला मूळ पुस्तक उघडूच दिलं नाही, तीच व्यवस्था अवांतर वाचनाच्या तासाला 'पूर्ण वाचलंस का?' म्हणून डोळे वटारते.

दुसऱ्याने गाळल्यावर काय होतं याचं मराठीतलं उदाहरण हवं असेल तर विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' घ्या. वरसईचा एक गरीब भिक्षुक पैसे मिळवायला उत्तरेत जातो आणि नेमका १८५७च्या धामधुमीत सापडतो. झाशीच्या वेढ्यात तो आत होता. असा माणूस आपल्या हाताने आठवणी लिहून ठेवतो. ते हस्तलिखित भारताचार्य चिंतामणराव वैद्यांकडे आलं आणि त्यांनी ते १९०७ साली छापलं. पण छापताना त्यात फेरफार केले, काटछाट केली. इंग्रजांचं राज्य, विषय सत्तावन्नचा, त्यांची अडचण समजू शकते. वैद्यांनी ते छापलं नसतं तर कदाचित आपल्याला गोडसे भटजी माहीतही झाले नसते, हेही मान्य. तरी परिणाम काय झाला? दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६ साली पुस्तक काढलं, तोवर एकोणसाठ वर्षं मराठी वाचक छाटलेले गोडसे वाचत होता. दोन पिढ्या. त्यातल्या कोणालाही पान उलटताना इथे काहीतरी होतं, असं जाणवायचा मार्ग नव्हता.

आता त्याच १९६६ सालचं दुसरं उदाहरण. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि १९६६ला पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं. (आपल्याला दोन आठवड्यांचा स्प्रिंट लांबला की घाम फुटतो.) देशभरातली १,२५९ हस्तलिखितं बघितली. वि. स. सुखठणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीने जुन्या, एकमेकांशी जुळणाऱ्या पाठांतून मजकूर ठरवला आणि लाखभर श्लोकांचं म्हणून ओळखलं जाणारं महाभारत ८९ हजारांच्या आसपास आलं. यात काय काय गाळलं माहितीये? व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो ही सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट मुख्य मजकुरात नाही. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो भाग मुख्य मजकुरात नाही. एवढं मोठं धाडस!

पण, आणि हा 'पण' फार मोठा आहे, त्यांनी ते फेकून दिलं नाही. जे जे काढलं ते ते तळटीपांत आणि परिशिष्टांत छापलं, कुठल्या हस्तलिखितात काय आहे त्याच्या नोंदीसकट. तुम्हाला पटत नसेल तर परिशिष्ट उघडा आणि तुमचा गणपती तुम्ही परत आणा. आपल्या भाषेत सांगायचं तर पूर्ण व्हर्जन हिस्टरी दिली. इरावती कर्व्यांनी या आवृत्तीचा आधार घेऊन 'युगान्त' लिहिलं, १९६७ साली. त्यातही त्यांनी सगळं महाभारत सांगितलं नाही. काही माणसं निवडली आणि त्यांच्या खोलात गेल्या. रात्रीच्या कीर्तनासारखंच.

तर गाळण्याच्या या दोन जाती आहेत. एक गुपचूप गाळते, दुसरी गाळलेल्या जागेवर खूण ठेवते. दहा मुद्द्यांचा सारांश पहिल्या जातीचा. तुम्ही स्वतः उलटलेली पानं दुसऱ्या जातीची. कारण ती कपाटात तशीच असतात, वाट बघत.

आता हरकती. पहिली नेहमीची : "कंटाळवाण्या भागातच मर्म असलं तर?" असू शकतं. काही पुस्तकांचा कंटाळा मुद्दाम बांधलेला असतो. लेखकाला तुम्हाला तिथे रखडवायचंच असतं. म्हणून गाळताना दोन पानं वाचून बघा, अधूनमधून एक परिच्छेद चाखा, पेन्सिलीने समासात खूण करा. पुढे काही कळेनासं झालं तर मागे या. मागे येण्यात कमीपणा नाही. उलट, पुढे जाऊन अडलेला वाचक जेव्हा मागे येतो तेव्हा तेच कंटाळवाणं प्रकरण तो डोळे फाडून वाचतो, कारण आता त्याच्याकडे प्रश्न असतो. प्रश्न नसताना वाचलेली पन्नास पानं आणि प्रश्न घेऊन वाचलेली पाच पानं यात मी पाच घेईन.

दुसरी : "लेखकाने एवढे कष्ट घेतले, त्याचा अवमान नाही का?" पंगतीत प्रत्येक पदार्थ पोट फुटेस्तोवर खाल्ला तरच आचाऱ्याचा मान राहतो असं आहे का? लेखकाचा खरा अवमान उशाशी पडलेल्या, चार्जरखाली दबलेल्या पुस्तकात आहे. ज्याने तीन प्रकरणं सोडली पण उरलेल्या सतरांवर मित्राशी तावातावाने भांडला, त्या वाचकावर कोणताही शहाणा लेखक रागावणार नाही.

तिसरी हरकत मात्र मला पूर्ण मान्य आहे. गाळायचा हक्क सगळीकडे चालत नाही. कविता गाळून वाचता येत नाही, आठ ओळींत गाळणार काय? फ्लॅटच्या करारनाम्यात आणि कर्जाच्या कागदात गाळणं म्हणजे आत्महत्या. (आणि नेमकं तिथेच आपण सही करून मोकळे होतो. कादंबरीला पारायण आणि करारनाम्याला अंगठा!) आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या पुस्तकाविरुद्ध बोलायचं आहे ते पूर्ण वाचावंच लागतं. आवडलं म्हणायला वीस पानं पुरतात. वाईट आहे, खोटं आहे, बंदी घाला म्हणायला अख्खं पुस्तक लागतं, तळटीपांसकट.

हे तात्त्विक वाटत असेल तर तारीख सांगतो. ५ जानेवारी २००४. एका इंग्रजी पुस्तकावरून, त्याच भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि तोडफोड झाली. पुस्तक शिवाजी महाराजांवरचं. आम्ही शिवनेरीच्या तालुक्यातले, महाराजांबद्दल कोणी वेडंवाकडं लिहिलं तर आम्हाला राग येणारच, आणि तो राग मांडायचा हक्कही आहे. पण त्या दिवसांत चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत सगळीकडे बोलणं झालं. त्यातल्या प्रत्येकाला 'तुम्ही ते पुस्तक वाचलंय का?' असा साधा प्रश्न विचारायची सोय उरली नव्हती. एका वाक्यावरून पुस्तक, पुस्तकावरून संस्था, संस्थेवरून जुनी हस्तलिखितं! दुसऱ्याने निवडून हातात दिलेल्या चार ओळींवर जगलं की असं होतं. ज्याला स्वतः पानं उलटायची सवय आहे तो निदान म्हणतो, थांब, आधीचं पान बघू दे, पुढचं पान बघू दे.

म्हणून हा वाद मला वाटतो तितका किरकोळ नाही. कपाटातल्या पुस्तकांपुरताही नाही. स्वतः निवड करायची सवय लहानपणी लागते किंवा लागत नाही. आपल्या राज्यात १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा झाला, त्याखाली आजही अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. अ, ब, क, ड वर्गाची. त्यातली कितीतरी गावागावांत, एका खोलीत, चार कपाटांत आहेत. २०१५पासून १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन होतो. भाषणं होतात, मुलांच्या हातात पुस्तकं देऊन फोटो निघतात. सगळं ठीक. पण पुस्तक परत करायला आलेल्या पोराला आपण काय विचारतो? "पूर्ण वाचलंस का? मग सांग बरं गोष्ट." पोरगं घाबरतं. पुढच्या वेळी ते सगळ्यात बारीक पुस्तक उचलतं. त्याच्या पुढच्या वेळी येतच नाही.

त्याऐवजी विचारा, "यातलं कुठलं पान आवडलं? आणि कुठलं सोडलंस?" बघा कसं बोलायला लागतं ते. कुठलं सोडलं हे सांगायला त्याला पुस्तक उघडावंच लागेल, आणि का सोडलं हे सांगताना ते आयुष्यात पहिल्यांदा समीक्षा करेल. मारधाडीचं आवडलं, राजवाड्याचं वर्णन सोडलं. उत्तम! दहा वर्षांनी ते वर्णन वाचायला ते परत येईल. नाही आलं तरी काही बिघडत नाही, दुसरं पुस्तक घेईल.

गावाकडे किंवा सोसायटीत अशी एखादी चार कपाटांची लायब्ररी तुमच्या ओळखीची असेल, तर पुढच्या वाचन प्रेरणा दिनाला भाषण देण्याऐवजी एवढं करा. पोरांना जाडी पुस्तकं द्या आणि सांगा, यातलं हवं ते वाच, नको ते सोड. फक्त सारांश मागू नकोस आणि कोणी दिला तर घेऊ नकोस.

आणि तुमच्या उशाशी ते पुस्तक असेलच. चार्जर उचला, बाटली उचला. ऐंशीव्या पानावर खूण आहे ना? शंभराव्या पानापासून सुरू करा. तिथेही रटाळ असेल तर दीडशे. तरीही नाहीच जमलं तर मित्राला देऊन टाका आणि नवीन घ्या. पोलीस येत नाहीत.

असो. बरंच लांबलं. मधलं गाळून थेट इथे आला असाल तरी हरकत नाही. फक्त भांडायला यायचं असेल तर आधी वर जाऊन सगळं वाचून या :)